चव्वेचाळिसावी कवडी

"चव्वेचाळीस नंबरची पालथी काढलीयस तू," साबडे सर म्हणाले. "खोड. सरळ कर."

मी खड्ड्यात उकिडवी बसले होते. मांडीवर फळी, फळीवर आलेखाचा कागद, हातात टोक काढलेली पेन्सिल. समोर हातभर अंतरावर एका बाईची कवटी जमिनीतून अर्धी वर आलेली, आणि तिच्या माथ्याभोवती, कपाळ सोडून, कानापासून कानापर्यंत कवड्या. एकसष्ट. प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीचं सुतळीच्या चौकटीतून माप, आणि मग कागदावर चित्र. तीन दिवस मी तेवढंच करत होते.

"सर, ती पालथीच आहे."

"आज आहे गं. पण तेव्हा होती का? जमिनीत घुशी फिरतात, उंदीर फिरतात. साठ कवड्या तोंड दाखवतायत आणि एकच पाठ करून बसलीय? फिरवलीय कुणीतरी. आपण चित्र त्या बाईचं काढतोय, घुशीचं नाही."

साबडे सर ढिसाळ नव्हते. चित्रात केसाइतकी रेघ हलली तर कागद फाडायला लावायचे. पण त्या आठवड्यात सरांना मुकुट सापडला होता, आणि मुकुट सापडलेल्या माणसाला पालथी कवडी नको असते.

मी खोडरबर घेतलं. घुशीने फिरवलेली नाही हे मला माहीत होतं. कसं माहीत, ते सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी खोडलं आणि तिथे सरळ कवडी काढली.

ही एकोणीसशे त्र्याऐंशीच्या थंडीतली गोष्ट. उंबरदरा गावाबाहेर, दुधना नदीच्या वळणावर पांढरीचं टेकाड होतं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे वस्ती होती, असं पुण्याहून आलेली माणसं म्हणायची. गाव त्या टेकाडाची माती गाड्या भरभरून शेतात टाकायचं, पीक चांगलं येतं म्हणून. लोकांनी माणसं खणून ज्वारीला घातली म्हणा ना. पुण्याचे लोक उत्खननाला आले तेव्हा निम्मंच उरलं होतं.

मी वीस वर्षांची. दहावी झालेली, वसतिगृहात वाढलेली, हात चित्राला बरा. मला वसतिगृहात नेणाऱ्या मास्तरांच्या चिठ्ठीवर मला नकाशे काढायला घेतलं. हजेरीवर नाव लिहिलं, जमुना चव्हाण. 'चव्हाण' म्हटल्यावर लिहिणाऱ्याने मान डोलावली आणि मला विद्यार्थिनींच्या तंबूत जागा दिली, स्वयंपाक्याने चुलीजवळ पाट दिला. मी खोटं काही बोलले नाही. त्यांनी धरून चाललं, मी धरू दिलं. चव्हाण मराठ्यांत असतात तसे आमच्या लमाणांतही असतात, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पोलीस पाटील वर्दी देतो ती आमच्या तांड्याची. गावात कोंबडी हरवली की झडती होते ती आमच्या झोपड्यांची. ते सगळं अंगावरून उतरवून ठेवायला मिळत होतं. मी उतरवून ठेवलं.

तांडा टेकाडापासून दीड मैलावर. आणि त्या तांड्यातून रोज दोन वेळा प्यायचं पाणी घेऊन येणारी लमाणीण, डोक्यावर घागर, घागरीखाली कवड्यांची चुंबळ, चुंबळीचा पट्टा मागे पाठीवर रुळणारा, हातभर पांढऱ्या बांगड्या, बलय्या, काचा लावलेला घागरा, ती माझी आई. आमच्यात आईला याडी म्हणतात. तिचं नाव सोमली.

पहिल्या दिवशी तिने मला तंबूच्या दारात पाहिलं. माझ्या अंगावर पाचवारी साडी, शेजारी पुण्याच्या दोन मुली. तिने एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग घागर कलती केली.

"पानी घ्या, बाई," ती म्हणाली.

मी ओंजळ धरली आणि प्याले. त्या दिवसापासून ती मला बाईच म्हणत होती.

पहिली कवडी निघाली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. सरांनी कुंचल्याने माती झाडली, कवडी तळव्यावर घेतली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला, देवळात शिरल्यावर येतो तसा.

"जमुना, समुद्र इथून किती लांब आहे माहितीय? चालत निघालीस तर पंधरा-वीस दिवस. आणि ही जात तर आपल्या किनाऱ्याचीसुद्धा नसावी, पार दक्षिणेकडच्या बेटांवरची वाटते. तेव्हा रस्ता नाही, पूल नाही. कुणीतरी पाण्यातून काढली, होडीत टाकली, दुसऱ्याला दिली. त्याने तिसऱ्याला. किती हात! एकमेकांची भाषा न कळणारे हात. आणि बदल्यात काय दिलं असेल? ज्वारी? कातडं? गाय?"

"एका कवडीसाठी गाय?"

"कुणाला माहीत. आणि तीही कशासाठी! खाता येत नाही, हिने काही कापता येत नाही, शेत नांगरता येत नाही. माणसाला पोटापलीकडचं काहीतरी हवं होतं गं. तीन हजार वर्षांपूर्वीसुद्धा."

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. तांड्यात कवड्या मी जन्मापासून बघत होते. बैलाच्या शिंगाला, झोळीला, पोराच्या टोपीला. पण त्या कुठून येतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. याडी म्हणायची, कवडी मिठात पिकते. तिच्या आजाचा बैलांचा तांडा कोकणातून मीठ आणायचा आणि कवड्या मिठाच्या गोणीतूनच निघायच्या. समुद्र तिने पाहिलेला नव्हता. तिच्या हिशेबी मीठ हेच त्यांचं शेत.

तिसऱ्या दिवशी एकसष्ट झाल्या आणि सर म्हणाले, "एका बाईच्या डोक्यावर एवढी संपत्ती! राणी असणार. निदान गढीच्या प्रमुखाची बायको." पुण्याला तार गेली. शुक्रवारी कलेक्टर येणार होते, वर्तमानपत्रवाले येणार होते. ऊन आणि वारा लागून हाड भुगा होऊ नये म्हणून कवटी, मुकुट आणि खालची माती असा एकच ठोकळा प्लास्टरमध्ये बांधून उचलायचं ठरलं. कानाच्या खाली सपाट पत्रा घालायचा, ठोकळा कापायचा, पेटीत ठेवायचा.

मी ते ऐकलं आणि पेन्सिल खाली ठेवली. कारण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माथ्याच्या हाडात आणि कवड्यांच्या कड्यात दोन बोटांचं अंतर होतं, सगळीकडे सारखं. पुढे मी ते अंतर स्वतःच्या हाताने एकसष्ट वेळा मोजलं होतं. मुकुट डोक्याला टेकतो. मग मधे काय होतं, जे कुजून गेलं? आणि मागचा पट्टा जर असेल, तर तो मानेखाली असणार. बरोबर तिथून पत्रा जाणार होता.

मी बोलले नाही. बोलले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. तुला कसं गं माहीत?

गुरुवारी दुपारी प्लास्टर कालवायला घेतलं. खड्ड्याच्या काठावर तात्या मुकादम उभा, मजुरांना हाकलत. तेवढ्यात याडी पाणी घेऊन आली. एरवी ती खड्ड्याजवळ थांबत नसे. त्या दिवशी सगळे एकाच जागी गोळा झालेले बघून तीही काठाशी आली आणि घागरीसकट मान न हलवता फक्त डोळे खाली केले.

"ए, सरक मागं," तात्या म्हणाला. "कवड्या हायत तिथं. तुझ्या जातीला कवडी दिसली की हात शिवशिवत्यात."

दोन मजूर हसले. मी खाली फळीवर नजर ठेवली.

याडीनेही हसून घेतलं. "तात्या, माझ्या डोक्यावर हायेत की इतक्या. तुझ्या मालकिनीला दोन देऊ का?" मग ती खाली बघून सरांना म्हणाली, "सायेब, ह्या बाईला इथंच थांबवलंय काय? पानी सांडलं तिचं, का पोचलं व्हतं?"

सरांनी वर बघितलं. "काय म्हणालात, मावशी?"

"ही पानी घेऊन चालली व्हती न्हवं?"

"ही राणी आहे, मावशी. हा तिचा मुकुट."

"रानी?" याडी थांबली. "सायेब, तिच्या कपाळावर एक बी न्हाई. मिरवायचं असतं तर कपाळावर लावलं असतं. मागं लावून कोन मिरवतं?"

आता कुणी हसलं नाही. सर एक क्षण कपाळाच्या हाडाकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावरून ते निघून गेलं. मी स्वतः पाहिलं ते जाताना. समोर कोण बोलतंय हे त्यांना दिसलं, आणि ऐकू आलेलं पुसलं गेलं.

"बरं, बरं. पाणी तिकडे ठेवा. तात्या, यांना जरा बाजूला घ्या. चला, पत्रा आणा."

तात्याने तिचा दंड धरला. घागर हिंदकळली आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं. तिने दुसऱ्या हाताने घागर सावरली आणि सवयीने माझ्याकडे बघितलं नाही. इतके दिवस तिने एकदाही चुकून माझ्याकडे बघितलं नव्हतं. माझं नाटक माझ्यापेक्षा ती चांगलं करत होती.

मी फळी खाली ठेवली आणि शिडी चढून वर आले.

"तात्या, हात काढ."

"अवो बाई, तुम्ही कशाला..."

"हात काढ म्हणते ना! माझी आई आहे ती."

टेकाडावर वारा असतो, तोसुद्धा त्या घटकेला थांबला असं मला वाटलं. पुण्याच्या मुलींपैकी एकीने दुसरीकडे बघितलं. स्वयंपाक्याच्या हातात पळी होती, ती तशीच. तात्याने हात काढला, पण तोंड उघडंच राहिलं.

"जमुना?" खड्ड्यातून सर म्हणाले.

"सोमली चव्हाण, सर. उंबरदरा तांडा. मीही तिथलीच." माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. "आणि तो मुकुट नाहीये. चुंबळ आहे ती."

मी याडीपुढे उभी राहिले. ती गुडघ्यात किंचित वाकली. मी घागर उतरवली, तिच्या डोक्यावरची चुंबळ दोन्ही हातांनी काढली आणि घेऊन खाली उतरले. कवटीच्या वरच्या बाजूला, कवड्यांना स्पर्श होऊ न देता, जमिनीवर ठेवली.

चिंध्यांचं जाड कडं, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला, पुढची बाजू सोडून, ओळीने कवड्या. वरची बाजू मोकळी, कारण तिथे घागर बसते. खालची मोकळी, कारण तिथे डोकं असतं. मी कड्याच्या जाडीवर बोटं ठेवली. दोन. मग तीच दोन बोटं कवटी आणि कवड्यांच्या मधल्या जागेत धरली.

सर गुडघ्यांवर आले. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. हातातला पत्रा त्यांनी हळूच मागे सारला. मग वर न बघता म्हणाले,

"मावशी, हा मागचा पट्टा सगळ्यांनाच असतो?"

"असतो की. नसला तर पाठ उघडी वाटते."

"म्हणजे हिच्या मानेखाली..."

"पाच वळी निघतील. वरून रुंद, खाली बारीक होत जानाऱ्या. बघा तुम्ही."

प्लास्टर पाटीतच वाळून दगड झालं. साबडे सरांनी मानेच्या बाजूने कुंचला आणि बांबूची काडी घेऊन स्वतः माती काढायला सुरुवात केली. दोनाचे पाच वाजले. कुणी जेवलं नाही. मजूर काठावर बसून राहिले, तात्यासुद्धा. याडी माझ्या शेजारी खड्ड्यात उतरून बसली होती. तिथे मजूर बायकांना यायची परवानगी नव्हती आणि कुणी काही म्हणालं नाही.

पहिली कवडी खांद्याच्या हाडाखालून आली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग ओळ. तोंडं जमिनीकडे, कारण बाई उताणी निजवलेली होती. तीन हजार वर्षांत कापड गेलं, दोरा गेला, मांस गेलं, बाईचं नाव गेलं, ती बोलत होती ती भाषा गेली. पण त्या कवड्या आपापल्या जागा सोडून हललेल्या नव्हत्या. कुणीतरी ज्या क्रमाने ओवल्या त्याच क्रमाने मातीत बसून होत्या. दुसरी ओळ. तिसरी. प्रत्येक आधीपेक्षा आखूड. चौथी. मग नुसती माती.

"चारच," सर कुजबुजले.

याडीने वाकून बघितलं. "गरीब असंल बिचारी," ती म्हणाली. "माझ्या पाच हायेत."

सर हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पाणी भरणारी बाई! मावशी, अहो एवढ्या लांबून आलेली वस्तू, त्या काळातली सगळ्यात मोलाची, आणि ती घागरीखाली ठेवायची? का?"

याडीला प्रश्नच कळला नाही. "मग कुठं ठेवायची? दिवसभर तिथंच तर वझं असतं."

मी तेव्हा बोलले. "सर, अजून एक आहे. चव्वेचाळीस."

"कुठली?"

"डाव्या कानाजवळची. पालथी. मी खोडून सरळ केली. ती घुशीने फिरवलेली नाही."

मी याडीची चुंबळ उचलून त्यांच्यासमोर धरली आणि डावी बाजू वळवली. सगळ्या कवड्या तोंड बाहेर करून शिवलेल्या. एकच पालथी. तिचं तोंड आत, चिंधीकडे, डोक्याकडे. घासून काढलेली पाठ तेवढी बाहेर.

सरांनी ती बघितली. मग जमिनीतली बघितली.

"ही तिच्या आईनं लावली असंल," याडी म्हणाली. कुणाला समजावून सांगते आहे असं नव्हे, शेजारणीबद्दल बोलावं तसं. "आमच्या घरची रीत हाय. पोरगी घरातनं निघते तेव्हा आई लावते. बाकीच्या सगळ्या जगाला बघायला. ही एक तिच्या कानाशी. जे लोकांसमोर सांगता येत न्हाई ते हिच्यात सांगायचं आन् मग शिवायची."

सर खाली बसले. मातीतच, पँटसकट. आणि एवढा शिकलेला माणूस, त्याने जमिनीतल्या त्या पालथ्या कवडीपुढे नकळत हात जोडले.

कलेक्टर आले आणि गेले. राणी नाही म्हटल्यावर वर्तमानपत्रवाल्यांनी चहा घेतला आणि फोटो न काढता निघाले. अहवाल चार वर्षांनी छापून आला. त्यात लिहिलं होतं, 'डोईवरचे साधन, बहुधा चुंबळ', आणि पुढे प्रश्नचिन्ह. चव्वेचाळीस नंबरसमोर, 'पालथी, कारण अज्ञात'. सोमली चव्हाण हे नाव कुठेही नव्हतं. मी पुण्याला जाऊन साबडे सरांना विचारलं. ते म्हणाले, "जमुना, घरच्या रीतीला पुरावा म्हणता येत नाही. मधे तीन हजार वर्षं आहेत." मी म्हणाले, "आणि घुशीला म्हणता येतं?" त्यांनी कपाटातून माझा मूळ कागद काढून मला दिला. तो अजून माझ्याकडे आहे. खोडरबराने शिसं गेलं, पण पेन्सिल दाबून धरायची माझी सवय. उजेडात तिरका धरला की पहिल्या कवडीचा खड्डा अजून दिसतो.

पण ते नंतरचं. त्या गुरुवारी काम थांबलं तेव्हा सूर्य टेकाडाला टेकला होता. मी घागर उचलली आणि याडीबरोबर तांड्याकडे निघाले. झोपडीत शिरल्यावर तिने पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून एक चुंबळ काढली. नवी. लाल कापडाची, पट्ट्याला पाच ओळी, कवड्या मात्र जुन्या, वापरून पिवळट झालेल्या. तिच्या आजीच्या चुंबळीवरच्या असणार.

"तुझी," ती म्हणाली.

मी फिरवून बघितली. डाव्या बाजूला एका कवडीची जागा रिकामी होती.

"ही का राहिली?"

"पोरगी निघते तेव्हा लावायची. तू निघालीस तेव्हा मी ऊस तोडायला गेले व्हते. आल्यावर बघते तर मास्तर घेऊन गेलेला." ती सुई शोधत होती. "आठ वर्सं झाली."

"पण याडी, मी तर आज परत आलेय."

"आलीस की. पुन्हा जाशील. जानारीच हायस तू." तिने दोरा तोंडात ओला केला आणि सुईत घातला. मग एक कवडी घेतली, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून तोंडाजवळ नेली, आणि ओठ हलवले. मला एक शब्द ऐकू आला नाही. मग तिने ती पालथी घातली आणि चार टाक्यांत पक्की केली.

"काय म्हणालीस तिला?"

"तुला न्हाई सांगितलं. तिला सांगितलं."

मी चुंबळ डोक्यावर ठेवली. डावी बाजू कानाशी आली. मी श्वास रोखून थांबले.

"काहीच ऐकू येत नाही गं."

याडीने भरलेली घागर उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि हात सोडले.

"आता चाल," ती म्हणाली. "वझं असलं की येतं."